टाइप 1 मधुमेह: संशोधनाचा पैसा छापलेल्या आयलेट्सवर लावावा की पोटातल्या पंपावर?

कणाद (धागाकर्ता)

माझं मत आधीच सांगून टाकतो. पुढच्या दहा वर्षांत टाइप 1 च्या रुग्णाच्या पदरात काही पडायला हवं असेल, तर पैसा पोटात बसवायच्या इन्सुलीन पंपावर लागला पाहिजे. बायोप्रिंटरवर (जिवंत पेशींची शाई थरांनी छापणाऱ्या यंत्रावर) छापलेली आयलेट्सची, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलीन बनवणाऱ्या पेशीपुंजांची, ऊती तोवर प्रयोगशाळेबाहेर येईल असं मला वाटत नाही.

त्वचेखाली टोचलेल्या जलद इन्सुलीनलाही रक्तात शिखर गाठायला तास-दीड तास लागतो. त्यामुळे बाहेरच्या पंपाला सेन्सर जोडून कितीही चांगला अल्गोरिदम लिहा, जेवणाआधी बोलसचा, म्हणजे त्या जेवणापुरत्या इन्सुलीनच्या मात्रेचा, आकडा टाकावाच लागतो. पेरिटोनियमच्या (पोटातल्या अस्तराच्या) पोकळीत सोडलेलं इन्सुलीन मात्र बरंचसं पोर्टल शिरेतून आधी यकृताकडे जातं, निरोगी माणसात जातं त्याच वाटेने. लवकर चढतं आणि लवकर उतरतं.

हे कागदावरचं नाही. मेडट्रॉनिकचा मिनिमेड 2007 हा पंप फ्रान्स आणि नेदरलँड्समधल्या रुग्णांच्या पोटात वर्षानुवर्षं चालला आहे. टाकी 15 मिलीची आणि इन्सुलीन मिलीला 400 युनिट, म्हणजे एका भरणीत 6000 युनिट. टाकीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी ठेवलेला असतो, आणि त्या रचनेतली मला सर्वांत पटलेली गोष्ट हीच. त्यामुळे टाकीला गळती लागली तरी इन्सुलीन एकदम शरीरात सांडत नाही. भरताना सुई रबरी पडद्यातून बरोबर टाकीत उतरली, तर इन्सुलीन आपोआप आत ओढलं जातं. ओढलं गेलं नाही तर सुई चुकली हे तिथल्या तिथे कळतं.

छपाईचं यश कुठे दिसतं ते पाहा. 2022 मध्ये अमेरिकेत रुग्णाच्याच कूर्चापेशींपासून छापलेला कान बसवला गेला. त्याच वर्षी हैदराबादेत एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, आयआयटी आणि सीसीएमबी ही पेशी-संशोधन संस्था यांनी छापलेला कॉर्निया सशाच्या डोळ्यात बसवला. कूर्चा काय आणि कॉर्निया काय, दोन्हींना स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. आयलेटचं तसं नाही, त्याला प्राणवायू भरपूर लागतो. केशवाहिनीपासून 100 ते 200 मायक्रॉनच्या पलीकडे पेशी गुदमरतात, आणि नेमकं तिथेच प्रिंटरकडे उत्तर नाही.

रेवा

पूर्ण असहमत. पंपाची अर्धीच गोष्ट सांगितलीत, कणादजी.

6000 युनिट म्हणजे रोज 40 युनिट घेणाऱ्याला 150 दिवस पुरायला हवेत. मग टाकी 40-45 दिवसांनी रिकामी करून नव्याने का भरायची? कारण 37 अंशांवर, सतत हालचालीत, धातू आणि प्लास्टिकच्या पृष्ठभागाला लागून इन्सुलीनचे रेणू उलगडतात आणि त्यांचे तंतू बनतात. ते पंपात साचतात, पंप सांगितल्यापेक्षा कमी देऊ लागतो, आणि मग तो सोडियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणाने धुवावा लागतो. कॅथेटरच्या (पंपातून इन्सुलीन पोटात सोडणाऱ्या नळीच्या) टोकाभोवती ऊती वाढली तर लॅप्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. शिवाय या मार्गाने इन्सुलीनविरुद्धच्या प्रतिपिंडांचं प्रमाणही वाढलेलं आढळतं. एवढं सगळं एका कंपनीच्या एका पंपावर आणि फक्त त्याच्यासाठी बनवलेल्या इन्सुलीनवर उभं होतं. कंपनीने उत्पादन थांबवलं आणि रुग्ण अडकले.

पेशी काम करतात हे आता वादातीत आहे. मूलपेशींपासून बनवलेल्या झिमिसलेसेलच्या 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात पूर्ण मात्रा मिळालेल्या 12 पैकी 10 जण वर्षानंतर बाहेरून इन्सुलीन घेत नव्हते. प्रश्न उरतो तो पेशी ठेवायच्या कुठे आणि कशा याचा. आज त्या पोर्टल शिरेतून यकृतात सोडतात. रक्ताशी थेट गाठ पडताच बऱ्याचशा पहिल्या काही दिवसांतच मरतात, आणि काही बिघडलं तर उरलेल्या परत काढता येत नाहीत. छापलेली पट्टी काढता येते, आणि दोन आयलेट्समधलं अंतर आपण ठरवतो. रचनेचं हे काम प्रिंटरशिवाय होत नाही.

मोजपट्टी

रेवाताई, रचनेचा मुद्दा मान्य आहे, पण थोडं गणित करू.

प्रत्यारोपणाला किलोमागे किमान 5000 आयलेट एकक धरतात. 70 किलोच्या माणसाला झाले साडेतीन लाख. एक एकक म्हणजे 150 मायक्रॉन व्यासाचा गोल, तेव्हा नुसत्या आयलेट्सचं आकारमान भरतं जेमतेम 0.62 मिली. ते बायोइंकमध्ये (पेशी मिसळून छापायच्या शाईत) 5 टक्के भरले तर शाई लागेल साधारण 12.4 मिली. प्राणवायू पोचावा म्हणून पट्टी अर्धा मिमी जाडीची ठेवली तर क्षेत्रफळ 248 चौरस सेमी, म्हणजे जवळपास 16 बाय 16 सेमीचा तुकडा. तो पोटात कुठे आणि कसा बसवणार?

आता वेळ बघा. जून 2025 मध्ये लंडनच्या प्रत्यारोपण परिषदेत मानवी आयलेट्सच्या छपाईचं जे काम मांडलं गेलं, त्यात अल्जिनेट (समुद्रशैवालातला जेलीसारखा पदार्थ) आणि पेशी काढून टाकलेल्या मानवी स्वादुपिंडाची शाई होती, दाब 30 किलोपास्कल आणि वेग मिनिटाला 20 मिमी. तीन आठवडे आयलेट्स जगले आणि साखरेला प्रतिसाद देत राहिले. चांगलं काम आहे, वादच नाही. पण 0.6 मिमीच्या नोझलमधून त्या वेगाने मिनिटाला साधारण 5.65 घनमिमी शाई पडते. 12.4 मिलीला लागतील 36 तासांच्या वर. तोवर सिरिंजमधले आयलेट्स तळाशी बसतात आणि तिथे एकमेकांचा प्राणवायू संपवतात. नोझल बारीक करायची सोय नाही, कारण मोठे आयलेट 300-400 मायक्रॉनचे असतात, ते अडकतात किंवा कातरले जातात. दाब वाढवला तर भिंतीलगतचं कातरबल वाढतं आणि पेशी फुटतात.

रेवा

गणित बरोबर आहे, निष्कर्ष नाही. दहा नोझल लावल्या की 36 तासांचे चारच्या आत येतात. शाई थंड ठेवली की आयलेट्सची प्राणवायूची गरजही उतरते. तळाशी बसण्यावर उपाय म्हणजे काडतुसात मंद ढवळणी किंवा शाई थोडी दाट करणं. हे सगळे यंत्रकामाचे प्रश्न आहेत आणि ते सुटतात. इन्सुलीनचे तंतू होणं हा रसायनशास्त्राचा प्रश्न आहे, त्यावर चाळीसेक वर्षं काम चालू आहे.

क्षेत्रफळाबद्दल: एकच सलग पट्टी कशाला हवी? जाळी छापा, दोन धाग्यांमध्ये अर्धा मिमी मोकळी जागा ठेवा, रक्तवाहिन्यांना आत शिरू द्या.

सोनचाफा

पंपाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी मणक्यात बॅक्लोफेन हे स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं औषध सोडणाऱ्या पंपाचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवावा. हा पंप 1992 पासून मान्यताप्राप्त आहे, म्हणजे तंत्र नवं नाही.

समजा रुग्णाला रोज 500 मायक्रोग्रॅम लागतात आणि औषध मिलीला 2000 मायक्रोग्रॅमचं आहे. दिवसाला गेले 0.25 मिली. 20 मिलीच्या टाकीत 2 मिली राखीव धरले तर 72 दिवस मिळतात. 73 व्या दिवशी रुग्ण पोचला नाही तर? अचानक थांबलेल्या बॅक्लोफेनने ताप, ताठरपणा, स्नायूंचा नाश, आणि मृत्यूसुद्धा ओढवतो. भरताना सुई टाकीऐवजी शेजारच्या खिशात (पंपासाठी त्वचेखाली केलेल्या जागेत) गेली तर दोन महिन्यांचं औषध एकदम ऊतीत. म्हणून आधी टाकी रिकामी करून, निघालेलं औषध पंपाने दाखवलेल्या शिल्लक आकड्याशी ताडून पाहायचं असतं. ताळा जमला नाही तर पुढे जायचं नाही. मान्यता नसलेली औषधं किंवा मिश्रणं भरली तर आतले भाग गंजतात आणि मोटर थांबते, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने 2018 मध्ये यावर जाहीर इशारा दिला होता.

गडचिरोलीच्या रुग्णाने दर 45 दिवसांनी नागपूर गाठावं, तिथे प्रशिक्षित नर्स असावी, खास इन्सुलीनची शीतसाखळी तुटू नये, एवढं सगळं गृहीत धरून तुम्ही पंप मागताय. संशोधनाच्या अंदाजपत्रकात या खर्चाची ओळ कोणी लिहिलेली दिसत नाही.

कणाद

सोनचाफाताई, भरणीच्या केंद्रांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण बॅक्लोफेनशी तुलना इथे लागू होत नाही. इन्सुलीन पंप थांबला तर साखर काही तासांत चढते, ती ग्लुकोमीटरवर दिसते आणि खिशातलं पेन काढून रुग्ण स्वतः इंजेक्शन घेऊ शकतो. मणक्यातल्या औषधाला असा घरगुती पर्याय नाही. आयलेट्सबरोबर टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आयुष्यभर घ्यायचं, तेही मूत्रपिंडाला आणि खुद्द इन्सुलीन बनवणाऱ्या बीटा पेशींना त्रासदायक असताना, त्यापेक्षा 45 दिवसांची फेरी मला बरी वाटते.

आणि रेवाताई, रक्तवाहिन्या जाळीत शिरल्या की त्यांच्यासोबत परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या टी पेशीही शिरतात. वाहिन्या हव्यात तर प्रतिकारशक्ती दाबा, दाबायची नाही तर वाहिन्या बाहेर ठेवा. जाळीने हा पेच सुटत नाही.

मृद्गंध

पेच दोन्हीकडे एकच आहे: शरीर परक्या वस्तूभोवती तंतुमय कवच बांधतं. कॅथेटरच्या टोकाला तेच होतं आणि आयलेट्सच्या कुपीलाही. व्हर्टेक्स या औषधकंपनीने कुपीत बंद पेशींचा व्हीएक्स-264 हा प्रयोग मार्च 2025 मध्ये थांबवला, कारण सी-पेप्टाइड (शरीरात इन्सुलीन बनत असल्याची खूण) पुरेसं वाढलं नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की पंप आणि छपाई जोडा. बीटा-एअर या उपकरणात आयलेट्सच्या बाजूला प्राणवायूचा कप्पा होता आणि तो त्वचेखालच्या पोर्टमधून रोज भरावा लागे. स्वीडनमध्ये चार रुग्णांना बसवलं, काही महिने आयलेट्स जगले, पण इन्सुलीन फारच कमी मिळालं. छापलेल्या पट्टीला बारीक नळ्यांनी प्राणवायू आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध फक्त त्या जागी पोचवणारा छोटा पंप जोडला, तर सगळ्या शरीराला टॅक्रोलिमस पाजायची गरज उरणार नाही.

मोजपट्टी

म्हणजे पंपाच्या बिघाडांत पट्टीच्या बिघाडांची भर. नळी तुंबली की काही तासांत पट्टी मरणार, आणि मेलेल्या पेशींमुळे दाह वाढणार. मी याला पैसा देणार नाही.

दोन चाचण्या आधी करून घ्या. पहिली: पेशी न घालता, नुसत्या अल्जिनेटची 16 सेमीची जाळी डुकराच्या पोटात सहा महिने ठेवा, मग काढून कवचाची जाडी आणि मधोमधचा प्राणवायूचा दाब मोजा. अल्जिनेट शुद्ध हवं, एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) राहिलं तर कवच त्याच्यामुळेच जाड होईल आणि मोजमाप फुकट जाईल. दुसरी: 400 युनिटचं इन्सुलीन खऱ्या पंपात भरून 37 अंशांवर, हलत्या तक्त्यावर 180 दिवस चालवा, आणि दर पंधरवड्याला ठरवलेली आणि प्रत्यक्ष बाहेर आलेली मात्रा ताडून पाहा. दोन्हींना मिळून एका मानवी चाचणीच्या खर्चाचा अंशही लागणार नाही.

रेवा

पहिल्या चाचणीला माझी हरकत नाही, पण सहा महिन्यांऐवजी बारा करा. कवच सहाव्या महिन्यानंतरही जाड होत राहतं का, ते कळलंच पाहिजे. आणि डुकरांचा एक गट मधुमेही असू द्या. निरोगी जनावरातली जखम आणि मधुमेही जनावरातली जखम सारखी भरत नाही, आणि पट्टी बसणार आहे ती मधुमेहीच्याच पोटात.