ताटातली कोंबडी येते कुठून, पाहिलंय का कधी? अनुभव लिहा

निवांत_नलू:
काल पहाटे पुण्याहून नाशिकला निघालो होतो. नारायणगावच्या अलीकडे एका पिकअपच्या मागे अडकलो. जाळीवर जाळी, सगळ्या ब्रॉयलर. एकीची मान बाहेर आलेली, वाऱ्याने पिसं उलटी झालेली. लेक म्हणाली, "आई, तिला थंडी वाजत असेल?" मी म्हटलं, झोप गं.

मग आजी आठवली. माणगावजवळ घर, पाच-सहा कोंबड्या, रात्री डालग्याखाली. पाहुणे आले की आजी कोंबडा धरायची, पण आजोबांच्या हातात द्यायच्या आधी त्याच्यापुढे चिमूटभर तांदूळ आणि वाटीत पाणी ठेवायची. पाणी प्यायल्याशिवाय कापायचा नाही, हा तिचा नियम. एकदा एक कोंबडा प्यायलाच नाही. अर्धा तास वाट पाहून तिने सोडून दिला आणि पाहुण्यांना सुकटीवर भागवलं. तो पुढे दोन वर्षं जगला, शेवटी मुंगसाने नेला.

मी खाते, आणि बहुतेक सोडणारही नाही. पण गेल्या वीस वर्षांत मी खाल्लेली एकही कोंबडी मी जिवंत पाहिलेली नाही. तुम्ही काय पाहिलंय, कुठे अडलात, ते लिहा. शाकाहार विरुद्ध मांसाहार कृपया नको, ती हौस लग्नाच्या पंगतीत फिटते.

बंड्या_४२०:
हजर! कुकर लावलाय. तीन शिट्ट्या झाल्या की येतो.

शेडवाला:
संगमनेर भागात माझं पाच हजार पक्ष्यांचं शेड आहे. कंपनीचं काम. पिल्लं त्यांची, खाद्य त्यांचं, औषध त्यांचं, उचलणार तेच. माझं म्हणाल तर शेड, लाइट बिल, तूस आणि आमच्या दोघांची झोप. किलोमागे सहा-सात रुपये सुटतात, मर जास्त झाली की त्यातूनही कापतात.

पिल्लू मुठीत मावेल एवढं येतं, चाळीस दिवसांत दोन किलो. एकाला चौरस फूटभर जागा. शेवटच्या आठवड्यात छाती एवढी होते की पायांना पेलत नाही, भांड्यापाशी बसूनच खातात. मे महिन्यात ओली गोणपाटं बांधतो, पत्र्यावर पाणी मारतो, तरी एका दुपारी तीनशे गेले होते. पोरगा दहावीला होता, अभ्यास टाकून घमेल्याने भरत होता.

उचल रात्री असते, अंधारात पक्षी गप्प राहतो म्हणून. पोरं एका हातात चार-पाच धरतात, पायाला, उलटे. पहिला लॉट गेला त्या रात्री मला झोप लागली नाही. आवाज बंद झाला होता ना. आता लागते. वाईट वाटतं का म्हणाल, तर खरं सांगतो, हप्त्याचं वाटतं.

मीनल_ठाणे:
दादा, शेवटचं वाक्य वाचून गप्प झाले. २०२० च्या मार्चमध्ये काय केलंत? आमच्याकडे तेव्हा चिकनला कुणी विचारत नव्हतं.

शेडवाला:
ताई, कोंबडीतून कोरोना होतो अशी व्हॉट्सअ‍ॅपवर आवई उठली आणि भाव बसला. माझं शेड रिकामं राहिलं एवढंच. शेजाऱ्याची स्वतःची पोल्ट्री होती, खाद्याला पैसे नव्हते. जेसीबीने खड्डा घेतला. पिल्लं जिवंत होती.

खानदेशी_खिचडी:
आमच्या नंदुरबारात हे २००६ लाच बघितलंय. नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिला. पांढरे कपडे, तोंडाला मास्क, पोत्यात कोंबड्या. २०२१ ला पुन्हा नवापूर. माझ्या मामाने त्यानंतर शेड भाड्याने दिलं, आता तिथे कापूस भरतात.

गुलाबी_पिल्लू:
माझ्या नावाची गोष्ट. आठवडी बाजारातून पप्पांनी दोन पिल्लं आणलेली, एक गुलाबी, एक हिरवं. खरंच गुलाबी! बुटाच्या खोक्यात ठेवून वर टेबललॅम्प लावला. हिरवं दुसऱ्या दिवशी गेलं, गुलाबी चौथ्या. मी दोन दिवस जेवले नाही, तिसऱ्या दिवशी चिकन होतं तर जेवले. सातवी अ, खेड. (आमच्या वर्गातलं कुणी आहे का इथे?)

ढोरांचा_डॉक्टर:
@गुलाबी, ती पिल्लं बहुधा अंड्यांच्या जातीतले नर. अंडी देत नाहीत, अंगही धरत नाहीत. हॅचरीत पहिल्याच दिवशी निवडून बाजूला काढतात. बहुतेक मारले जातात, थोडे रंग लावून बाजारात जातात.

माद्यांचंही ऐका. पिंजऱ्यात एकीला ए-फोर कागदाहूनही कमी जागा, पंख पसरता येत नाहीत, आणि हे वर्ष-दीड वर्ष. एकमेकींना टोचू नये म्हणून लहानपणीच तापल्या पात्याने चोचीचं टोक उडवतात. त्यामुळे 'मी चिकन सोडलं, फक्त अंडी खातो' म्हणणाऱ्यांना मी काही बोलत नाही, चहा मागवतो. ब्रॉयलरची शिक्षा चाळीस दिवसांची तरी असते.

कोलिस्टिन नावाचं औषध आहे, माणसाला बाकी काही लागू पडेना तेव्हा देतात. ते पिल्लांच्या खाद्यात वजन वाढवायला घालत असत. २०१९ साली जनावरांसाठी बंदी आली. आलो, गाय अडलीये.

तुपसाखर:
आम्ही पिढीजात शाकाहारी, त्यामुळे या पापातून आपोआप सुटलो. देवाची कृपा.

बाळू_गोठेवाला:
सुटलात कशा? दूध घेता ना. म्हैस व्यायली आणि रेडा झाला तर तो दूध पिणार तुमच्या वाटचं. किती गोठ्यांत मोठे रेडे बघितलेत? जर्सीचा गोऱ्हा तर जन्मल्यापासून नकोसा. २०१५ च्या कायद्यापासून बैल-गोऱ्हे कापायला बंदी, मग घेणार कोण? रात्री कुणीतरी सोडून जातं, सकाळी आमच्या मक्यात.

तुपसाखर:
आमचं दूध ओळखीच्या माणसाकडून येतं.

बाळू_गोठेवाला:
मग त्यालाच विचारा की रेडकू कुठंय.

बंड्या_४२०:
तीन शिट्ट्या झाल्या. धागा वाचत जेवलो. चूक झाली.

हर्णैची_पारू:
मासळी यातून सुटली असं कुणी म्हणायच्या आत सांगते. पर्ससीनवर, म्हणजे अख्खा थवा वेढून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्यावर, २०१६ ला निर्बंध आले, एलईडी लावून मासेमारीला बंदी आहे, तरी रात्री समुद्रात बघा, लग्नाचा मांडव वाटतो. बारकी मासळी माणसाच्या ताटात येतच नाही, सुकवून, दळून खाद्यात जाते. कोळंबीच्या आणि तुमच्या कोंबडीच्याही. माझा नवरा पूर्वी ज्या तारलीला नाक मुरडायचा ती आता टोपलीत दिसली तर हात जोडतो.

झुरिकर:
इथे स्वित्झर्लंडमध्ये २०२२ च्या सप्टेंबरात यावरच सार्वमत झालं, मोठ्या प्रमाणावरचं कोंडवाड्याचं पशुपालन बंद करावं का. जवळपास ६३ टक्के लोक नको म्हणाले. आमचा शेजारी रविवारी गाईंना नावाने हाका मारत फिरायला नेतो, त्याचंही मत नको. म्हणे बाहेरून स्वस्त मांस येईल आणि मी बुडेन. (मला मत नाही, मी फक्त मटण आणायला सीमेपलीकडे जर्मनीत जातो. स्वस्त पडतं.)

मीनल_ठाणे:
ठाण्यात खरी गावठी कुठे मिळेल? नवरा आठशे रुपये देऊन आणतो आणि चव ब्रॉयलरचीच.

शेडवाला:
ताई, गावठी म्हणून गिरिराज गळ्यात मारतात, ती गावठीसारखी दिसणारी संकरित जात. रंग बघून फसू नका. पाय बघा आणि किती शिजते ते बघा. अर्ध्या तासात मऊ झाली तर तुम्हाला फसवलं.

खानदेशी_खिचडी:
गावठीला शिट्ट्या नाही लावायच्या, पातेल्यात, वर ताटात पाणी. कांदा-खोबरं भाजून.

निवांत_नलू:
मीच धागा काढला आणि इथे पाककृती सुरू झाली, चालू द्या. शेडवाले दादा, लेकीला तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. ती विचारतेय, उचलायच्या रात्री पाणी देता का त्यांना?

शेडवाला:
पाणी शेवटपर्यंत चालू ठेवतो. खाद्य मात्र आधीच काही तास वर उचलतात, पोटातलं वजन धरत नाहीत म्हणून.

तुपसाखर:
विचारलं त्याला आज सकाळी. म्हणाला, "ताई, उद्यापासून अर्धा लिटर जास्त देऊ का?"