हळदीनं स्वादुपिंडाची सूज उतरते का?

ऊसकरी_करवीर: थोरल्या भावाला दसऱ्यानंतर स्वादुपिंडाची सूज आली. कळ पोटात उठून थेट पाठीत. पुढं वाकून बसला की जरा बरं वाटायचं. पाच दिवस सलाइनवर काढले. आता वहिनी रोज हळद-मिरी घालून दूध देतात, तेही गंगावेशेतल्या कट्ट्यावरचं, म्हशीचं! चुलत्यांनी मोबाइलवर पाठवलंय : हळदीतलं कर्क्युमिन, द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल, कांद्यातलं क्वेर्सेटिन, यांनी ही सूज जाते. मला हे पटत नाही. बोला.

हळकुंड: भावा, एकदम झटकू नकोस. या आजारात पाचकरस आतड्यात पोचायच्या आधीच जागे होतात नि ग्रंथीलाच पचवायला लागतात, त्यात ऑक्सिडेशनचा भार, म्हणजे पेशींना इजा करणारी रसायनं वाढतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कर्क्युमिननं ती सूज कमी झालीय. माणसांत म्हणशील, तर दिल्लीच्या एम्सनं २००९ मध्ये १२७ रुग्णांचा सहा महिन्यांचा अभ्यास छापला. अँटिऑक्सिडंट, म्हणजे हा भार उतरवणारी द्रव्यं (कर्क्युमिनही त्यातलंच), घेणाऱ्यांचे दुखण्याचे दिवस महिन्याला ७.४ नी घटले, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचे ३.२ नी.

लॅबकोट: एम्सच्या गोळीत हळद कुठं होती? सेलेनियम, बीटा कॅरोटिन, क आणि ई जीवनसत्त्व, मेथिओनिन. रुग्णही जुनाट दुखण्याचे, याच्या भावासारखे ताजे नव्हेत. इंग्लंडात २०१२ मध्ये ७० जणांवर असाच प्रयोग झाला. रक्तात अँटिऑक्सिडंट वाढले, दुखणं तसंच.

हळदीचाच हवा ना? तोही आपल्याच देशात झालाय, २००५ साली. वीस रुग्ण, उष्ण प्रदेशात आढळणारा स्वादुपिंडाचा जुनाट आजार. ५०० मिलिग्रॅम कर्क्युमिन, सोबत मिरीतलं ५ मिलिग्रॅम पायपरिन, सहा आठवडे. ऑक्सिडेशनची खूण दाखवणारं एमडीए तांबड्या पेशींत उतरलं. वेदना मात्र हलली नाही. कागदावरचा आकडा सुधारला, माणूस कण्हतोयच.

आणि उंदरांचं गुपित सांगू? बऱ्याच प्रयोगांत औषध आधी देतात, मग सेरुलिन टोचून सूज आणतात. आपल्याकडं माणूस आधी गडाबडा लोळतो, मग दवाखाना गाठतो.

हळकुंड: ते आधी-नंतरचं मान्य. पण वीस जणांवरनं हळद नापास कशी? आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूच्या मोठ्या चाचणीला पैसा घालणार कोण?

लॅबकोट: नापास म्हटलंच नाही. परीक्षा झालेली नसताना पेढे वाटू नका, एवढंच.

राजारामपुरीची_ताई (आहारतज्ज्ञ): तुम्ही दोघं हळदीवर भांडताय, मला त्या दुधाची काळजी. ताज्या दुखण्यातनं उठलेल्याला म्हशीचं सायीचं दूध? चरबी पचवणारं लायपेज तीच ग्रंथी बनवते. आमटीतली चिमूटभर हळद असू दे. कर्क्युमिनच्या कॅप्सूल मात्र मनानं नकोत. त्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि पायपरिन इतर औषधांचं शोषणही बदलतं. ऊसकरीदादा, सूज आली कशानं ते कुणी सांगितलं का? पित्ताचा खडा, दारू, रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी?

ऊसकरी_करवीर: दारूला शिवत नाही. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघालेत. ऑपरेशन ऊसतोड उरकल्यावर करू म्हणतोय.

लॅबकोट: अरे देवा! हे पहिल्या ओळीत लिहायचं की! खडा पुन्हा पित्तनळीत अडकला तर पुन्हा तीच सूज. सौम्य सूज असेल तर पित्ताशय शक्यतो दवाखान्यातल्या त्याच मुक्कामात काढतात.

हळकुंड: इथं मी पण लॅबकोटच्या बाजूनं. हळदीनं खडा विरघळत नाही.

ऊसकरी_करवीर: उद्याच सर्जनकडं नेतो. दुधाचं वहिनींना मी सांगतो. चुलत्यांना कोण सांगणार ते बघा.