अनुभव धागा: स्कॅन होतं, पण मेल पोहोचत नाही

नौपाड्यातल्या एका सीए ऑफिसात मी अकरा वर्षं काम करते. झेरॉक्स, प्रिंट, स्कॅन सगळं एकाच मशीनवर. जून २०२२च्या पहिल्या आठवड्यात स्कॅन मेलवर जाणं अचानक बंद पडलं. सेटिंगला कुणाचाही हात लागला नव्हता. रिटर्नची गर्दी सुरू झालेली, आणि तीन दिवस आम्ही पेन ड्राइव्ह घेऊन चकरा मारत होतो. इंजिनिअर येऊन 'बोर्ड गेलाय' म्हणाला. बोर्ड ठणठणीत होता. मशीन आमच्या जीमेल खात्यात लॉग-इन करून स्कॅन पाठवतं, आणि गूगलने ३० मे २०२२पासून नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर असं जुन्या पद्धतीने लॉग-इन करू देणं थांबवलं होतं. जीमेलवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं, सोळा अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड (अशा मशीनसाठी गूगल देतं तो वेगळा पासवर्ड) घेतला आणि मशीनमध्ये घातला. स्क्रीनवर तो चार-चार अक्षरांत तुटक दिसतो, आम्ही मध्ये जागा न सोडता सलग टाइप केला. पहिला स्कॅन गेला तेव्हा हायसं वाटलं. पुढच्या वर्षी सरांनी जीमेलचा पासवर्ड बदलला आणि पुन्हा तेच! मुख्य पासवर्ड बदलला की जुने अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात, हे तेव्हा कळलं.

तुमच्याकडे काय झालं, ते सुटलं कशाने, त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं होतं, हे जरूर लिहा. मशीनवर आलेला मेसेज आठवत असेल तर तोही.

महापे एमआयडीसी, स्टोअर्स विभाग
आमच्याकडे इंटरनेटची लाइन बदलली, नवा राउटर आला. प्रिंट व्यवस्थित निघत होती, म्हणून नेटवर्ककडे कुणी बघितलंच नाही. दोन आठवडे गेले. खरं तर प्रिंट ऑफिसातल्या ऑफिसात फिरते, मेलला मात्र राउटरमधून बाहेर पडावं लागतं. मशीनला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) हाताने दिलेला होता, आणि त्यात गेटवे (बाहेर पडायचा रस्ता) आणि डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारा) जुन्या राउटरचाच, १९२.१६८.१.१. नवा राउटर १९२.१६८.१.२५४ वर. दोन्ही ठिकाणी नवा पत्ता टाकला, पाच मिनिटांत काम झालं.

तुर्भे, एपीएमसी मार्केट
एक-दोन पानं जायची, चाळीस पानांची फाइल कधीच नाही. मशीन 'पाठवलं' म्हणायचं, व्यापारी फोनवर 'आलं नाही' म्हणायचे, आणि आम्हाला वाटायचं की ते टाळताहेत. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. त्यात मेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे २० एमबीचा स्कॅनसुद्धा अडकू शकतो. आमचं सेटिंग होतं रंगीत, ६०० डीपीआय (एका इंचात ६०० ठिपके). आधी काळं-पांढरं करून पाहिलं, पण पावतीवरचा निळा शिक्का निम्मा उडाला आणि वजनाच्या आकड्यावर पडलेली सही तर दिसेचना. शेवटी ग्रेस्केल (करड्या छटा), २०० डीपीआय ठेवलं. शिक्का वाचता येतो, फाइलही जाते. न पोहोचल्याची सूचना पाठवणाऱ्या खात्याच्या इनबॉक्समध्ये येऊन पडत होती, पण ते खातं आमच्यापैकी कुणी उघडतच नव्हतं. आता रोज सकाळी उघडतो.

सीबीडी बेलापूर, वकिलांचं ऑफिस
मशीनची तारीख २०१० झाली होती. घड्याळ चुकलं की मशीनला मेल सर्व्हरचं सर्टिफिकेट (त्याचं मुदतीचं ओळखपत्र) खरं वाटत नाही. तारीख-वेळ नीट केली, सुरू झालं.

ऐरोली, शाळेचं ऑफिस
माझा अनुभव मेल न जाण्याचा नाही, चुकीच्या माणसाला जाण्याचा आहे. प्रवेशाच्या दिवसांत एका मुलीचा जन्मदाखला आणि आईचं आधार कार्ड स्कॅन केलं. आधीच्या स्कॅनचा पत्ता स्क्रीनवर तसाच होता, माझ्या लक्षात आलं नाही, आणि कागद एका पुरवठादाराकडे गेले. त्यांना फोन करून मेल डिलीट करायला लावला. आईला बोलावून मी स्वतः सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, सांगितलंत हे बरं केलंत." तेव्हापासून स्कॅन झाला की रीसेट दाबल्याशिवाय मी मशीनपासून हलत नाही. आपोआप रीसेट व्हायची वेळही तीस सेकंदांवर आणून ठेवली आहे.

कळवा, क्लासेस
अजून अडकलो आहे. 'सर्व्हरशी कनेक्शन होत नाही' असं येतं. पोर्ट (मेल ज्यातून जातो त्या दाराचा नंबर) २५ आहे. कुणी सांगेल का?

कोपरखैरणे, कॉपियर दुरुस्ती
दादा, पोर्ट २५ बऱ्याच ब्रॉडबँड लाइनवर बंद असतं. ५८७ टाका आणि मेल कुलूपबंद करून पाठवायच्या पद्धतीत स्टार्ट-टीएलएस निवडा. ४६५ घेतलंत तर एसएसएल निवडायचं. ही जोडी उलटी झाली तर मशीन नुसतं वाट बघत बसतं. 'फ्रॉम'चा पत्ता आणि लॉग-इनचा पत्ता एकच ठेवा. एवढं करूनही नाही गेलं तर फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) बघा, जुन्या मशीनला टीएलएस १.२, म्हणजे त्या कुलपाची पुढची आवृत्ती, येत नाही. हात लावण्याआधी सेटिंगच्या पानाची प्रिंट काढून घ्या, म्हणजे परतीची वाट राहील. आणि वीस वर्षांच्या कामावरून सांगतो, बोर्ड बदलायचा खर्च कुणी सांगितला, तर आधी मेसेजचा फोटो काढून दुसऱ्याला दाखवा.

कळवा, क्लासेस
काका, ५८७ केलं तरी गेलं नाही. मग फर्मवेअर अपडेट करून घेतलं. आत्ता पाच वाजता दहावीची प्रश्नपत्रिका मेलवर आली, सहाही पानं सरळ. सेटिंगची नवी प्रिंट काढून मशीनच्या झाकणाला आतून चिकटवली आहे.