बटरफ्लाय बुश लावलंय का कोणी? अनुभव लिहा

नमस्कार मंडळी, बटरफ्लाय बुश म्हणजे बडलिया घरी कोणी कोणी वाढवलंय? माझ्या झाडाचं हे दुसरं वर्ष, आता जांभळे तुरे आलेत. जवळून बघितलं तर एकेका तुऱ्यात कितीतरी बारीक नळीसारखी फुलं, प्रत्येकाच्या मधोमध केशरी ठिपका, आणि वास अगदी मधासारखा. काल एक फुलपाखरू एकेका फुलात सोंड घालत घालत तुऱ्यावर वर सरकत होतं आणि मी हातात झारी घेऊन तशीच उभी. तुमचं काय चुकलं तेही लिहा, त्याचाच जास्त उपयोग होतो.

—

आमच्याकडे चार वर्षं आहे. पहिली दोन वर्षं कात्री लावायचा धीरच झाला नाही, त्यामुळे झाड नुसतं उंच गेलं, खाली काटक्या आणि फुलं सगळी डोक्याच्या वर. याला फुलं नव्या फुटीवर येतात हे नंतर कळलं. मग थंडी संपताना जमिनीपासून फूटभर ठेवून सगळं छाटलं, घरच्यांना वाटलं गेलं झाड. पण इतकी फूट आली की विचारू नका. सुकलेले तुरेही लगेच कापते, बाजूने नवे येत राहतात.

—

माझं पहिलं झाड मेलं, पाणी जास्त झालं म्हणून. कुंडीत पाणी साचून मुळं कुजली. दुसऱ्या वेळी मातीत भरपूर वाळू घातली, दिवसभर ऊन मिळेल तिथे ठेवलं, खत जवळपास नाहीच. खत जास्त झालं की पानंच पानं.

—

एक मनापासून सांगते. बडलियावर फुलपाखरं मध प्यायला येतात, पण त्यांच्या बहुतेक अळ्या त्याची पानं खात नाहीत. म्हणजे नुसतं हेच लावलं तर पाहुणे येतात पण घर करत नाहीत. म्हणून मी शेजारी लिंबाचं रोप आणि रुई लावली. लिंबावर आधी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी असते, मोठी झाली की हिरवीगार, आणि बोट लावलं की डोक्यामागून दोन शिंगं बाहेर काढते, तीही वास येणारी! पानं कुरतडली जातात, जाऊ देत. आणि कीटकनाशक अजिबात मारू नका, फुलपाखरं बोलवायची आणि त्यांनाच विष द्यायचं हे मला बघवत नाही.

—

वरच्या ताईंशी सहमत. आणखी एक, बी फार बारीक असतं आणि वाऱ्याने लांब जातं. हे झाड मूळचं चीनचं, पण दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या पडक्या घरांतसुद्धा उगवलं होतं. अमेरिकेत ओरेगनमध्ये तर साध्या जातीच्या विक्रीवर बंदी आहे, बी न धरणाऱ्या जाती चालतात. नवीन घेणार असाल तर तशीच जात मागा, जुनं असेल तर बी पिकायच्या आत तुरे कापा.

—

धन्यवाद सगळ्यांना! आजच सुकलेले तुरे कापले. छाटणीतल्या वीतभर फांद्या, फूल नसलेल्या, खालची पानं काढून वाळूत खोचल्यात, जगल्या तर इथे सांगते.