ऊसतोड सोडून आईबापांना गावातच ठेवायचंय, काय करता येईल?

धारूरकर:
दसरा झाला की आमच्या गावातल्या निम्म्या घरांना कुलपं लागतात. आईबाप बावीस वर्षं कोल्हापूर-सांगलीकडं तोडीला जातात. दोघं मिळून एक कोयता. एक जण आजारी पडला तरी खाडा लागतो. गेल्या हंगामात मी चार दिवस त्यांच्या कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहिलो. पहाटे आई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत होती, फळी दवानं भिजलेली. मला खाली उभं राहवलं नाही. यंदा मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेऊ दिली नाही, पण मागचे 30 हजार फिटायचे आहेत. दोन एकर रान, विहीर फेब्रुवारीपर्यंत. मी चाकणला कंपनीत आहे. त्यांना इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला न्यावं का?

मागवाला_इचल:
नका आणू. आमच्या गावात 1904 साली पहिला यंत्रमाग आला, तेव्हापासून बाहेरच्या माणसाला इथं काम मिळत आलंय, ते खरं. पण मजुरी पिकावर (म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांवर) अन् मीटरवर, पाळी बारा तासांची, वडिलांना पन्नाशीत उभ्यानं चार-सहा माग सांभाळावे लागतील. आईला कांड्या भरायचं, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळायचं, काम मिळेल. खोलीभाडं गेल्यावर उरतं किती, ते मी घरोघर बघतो. आम्ही स्वतः खर्चीवाले, व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणून देणारे. व्यापाऱ्यानं सूत दिलं नाही तर आमचेच माग बंद.

तुतीवाला:
मी जालन्याकडचा. एक एकर तुती लावा, तिच्या पाल्यावर रेशमाच्या अळ्या पाळा. पूर्वी त्यांचे रेशीम कोष विकायला पार कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं, दोन रात्री प्रवासात. 2018 ला जालन्यात कोषांचा बाजार सुरू झाला आणि आमच्याकडं तुती वाढली ती त्यानंतर. माल विकायला जवळ जागा झाली की माणूस गावात टिकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शंभर अंडीपुंजांना (पुंज म्हणजे एका पतंगाची अंडी) साठ-सत्तर किलो कोष निघतात, महिन्याभरात बॅच हातात. लागवडीला अन् शेडला सरकारी योजनेतून मदत मिळते, अर्ज आधी करा. मात्र शेजारच्या कपाशीवरची फवारणी तुतीवर उडाली की अख्खी बॅच मरते. माझी एकदा मेली. शेजाऱ्याशी आधीच बोलून घ्या. आणि पहिला पाला यायला चार-सहा महिने लागतात, तोवर घर तुमच्या पगारावर.

धारूरकर:
पगारावर भागवीन. पण फेब्रुवारीनंतर पाणी?

तुतीवाला:
ठिबकवर तुती जगते. कडक उन्हात अळी तशीही नीट पोसत नाही, तेव्हा बॅच घ्यायचीच नाही. आईला घेऊन या, चंद्रिकेवरचे, म्हणजे अळ्या कोष विणतात त्या जाळीवरचे, कोष वेचून बघू दे. पाला तोडणं अन् अळ्यांना चारा घालणं तिच्याच हातात राहणार आहे, तिला जमतंय का ते आधी बघा.

धारूरकर:
रविवारी येतो, दोघांनाही आणतो. बेणं किती लागेल तेवढं सांगून ठेवा.