रीगा शहरात तीन दिवस: बेत कसा आखावा?

प्रश्न (जुळे सोलापूर): जूनच्या अखेरीस आईबाबांना घेऊन लाटव्हियाच्या राजधानीत, रीगाला जाण्याचा विचार आहे. आई शाकाहारी आहे आणि तिचे गुडघे दुखतात. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (सात रस्ता): आधी तारखा पाहाव्यात. २३ आणि २४ जूनला तेथे सणाची सुट्टी असते, लोक गावाकडे जातात आणि बरीच दुकाने बंद राहतात. मात्र रात्री दहापर्यंत उजेड असल्याने दुपारी आईंना निवांत विश्रांती देता येईल. लाटव्हियासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातील अनेक देशांचा सामाईक व्हिसा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो.

उत्तर (होटगी रोड): जुन्या शहरातील गोट्यांच्या फरसबंदीवर माझ्या आईचेही पाय भरून आले होते, म्हणून तेथे एकच सकाळ ठेवावी. अल्बर्टा रस्त्यावरील नक्षीदार इमारती, ज्यांतील अनेक मिखाईल आयझेनश्टाइन यांनी रचल्या, सपाट पदपथावरून सावकाश पाहता येतात. झेपेलिन या वायूने भरलेल्या अवाढव्य हवाई नौकांच्या हँगरचे सांगाडे वापरून उभारलेली आणि १९३० साली सुरू झालेली मध्यवर्ती मंडई मात्र चुकवू नये. मासळीचा विभाग टाळून थेट भाजीपाल्याकडे वळावे. तेथील राय (गव्हासारखे एक धान्य) या धान्याच्या काळ्या, किंचित आंबट पावाच्या जाड कापावर आम्ही घरची शेंगाचटणी आणि तेल घालून खाल्ले, आणि आईचे जेवण खऱ्या अर्थाने झाले.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. आता २६ जूननंतरचीच तिकिटे पाहते आणि चटणी जास्तीची कुटून ठेवते.