बाळंतिणीच्या घरी द्यायचा बेक्ड पास्ता फ्रीजरमधून काढल्यावरही चांगला लागावा म्हणून काय करावे?

माजघर (प्रश्न)

आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. शेजारच्या अमेरिकी घरात पुढच्या महिन्यात दुसरे बाळ येणार आहे आणि आमच्या रस्त्यावरच्या सात-आठ घरांनी त्यांना जेवण पोहोचवण्याच्या पाळ्या वाटून घेतल्या आहेत. माझ्याकडे बेक्ड पास्ता आहे. खरे तर तो मीच मागून घेतला, कारण त्यांची थोरली मुलगी चार वर्षांची आहे आणि आमच्या डब्यातली पोळी-भाजी ती कितपत खाईल याची मला शंका होती. बाळ नेमके कोणत्या दिवशी येईल हे सांगता येत नाही, त्यामुळे पास्ता आधीच करून गोठवून ठेवावा, एक पॅन त्यांना द्यावा आणि एक आपल्या घरी असू द्यावा, असा विचार आहे.

मागच्या वर्षी घरच्यापुरता हा प्रयोग केला होता. पेने (नळीच्या आकाराचा पास्ता) पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पूर्ण शिजवला, त्यात टोमॅटोचा सॉस, पालक, झुकिनी आणि रिकोटा (मऊ, ताजे चीज) घातला, काचेच्या भांड्यात बेक केला आणि गार झाल्यावर गोठवला. तीन आठवड्यांनी गरम केला तेव्हा कडेच्या नळ्या कोरड्या ठणठणीत, मधला भाग गिच्च, तळाशी पाणी आणि रिकोटा रवाळ, असा सगळा अवतार झाला होता. घरचेच होते म्हणून खपून गेले. दुसऱ्याच्या घरी असे काही पाठवायला मन धजावत नाही.

पास्ता किती शिजवावा, आधी बेक करावा की न करता गोठवावा आणि भांडे कोणते घ्यावे, हे कृपया सांगावे. आमच्या घरी अंडे आणि मांस चालत नाही. शेजाऱ्यांना सगळे चालते, पण माझ्या ओट्यावर होईल ते शाकाहारीच.

सरसरीत

पास्ता गिच्च होण्याचे कारण आपल्या ओळखीचे आहे. शेवयांची खीर रात्री सरसरीत असते आणि सकाळी तिच्यात चमचा उभा राहतो, तसेच पास्त्याचेही होते. सॉसमध्ये असेपर्यंत तो पाणी पीतच राहतो, म्हणजे भांडे निवताना पितो, फ्रीजमध्ये बर्फ वितळताना पितो आणि ओव्हनमध्ये तर पितोच. म्हणून पाकिटावरच्या वेळेपेक्षा तीन मिनिटे आधी तो उतरवावा. एक नळी दाताने तोडून पाहिली तर आत पांढरट कणी दिसली पाहिजे. भातात कणी राहिली तर आपण नाक मुरडतो, इथे मात्र ती हवीच.

त्याच कारणाने सॉसही हात राखून घालू नये. १ पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम झिटी किंवा पेनेला मी टोमॅटोचा २८ औंसांचा एक आणि साडेचौदा औंसांचा एक असे दोन डबे, मिळून साधारण १२०० ग्रॅम, वापरते आणि वर पास्ता उकळलेले पाणी कपभर घालते. पॅनमध्ये भरताना हा पास्ता आहे की आमटी, असे तुमच्या मनात येईल. तरीही ते मिश्रण आटवू नये. कडा कोरड्या पडतात त्या बहुतेक वेळा याच ठिकाणी केलेल्या काटकसरीमुळे.

तळाचे पाणी झुकिनीचे असणार. भाजी गोठताना तिच्यातल्या पाण्याचे बर्फ होते, त्या बर्फाने पेशी फुटतात आणि वितळल्यावर ते सगळे पाणी खाली उतरते. झुकिनी घालायचीच असेल तर आधी ४२५ अंश फॅरनहाइटवर डाग पडेपर्यंत भाजून घ्यावी. मी तर ती वगळते आणि परतलेले मश्रूम घालते. पालक वाफवून, घट्ट मुठीत पिळून, मगच चिरावा.

पास्ता बेक न करता गोठवावा, कारण दोनदा बेक केला की वरचे चीज चिवट होते. मात्र गरम असताना पॅन भरून झाकण लावू नये, नाहीतर वाफेचे पाणी आतच राहते. सॉसचे पातेले सिंकमध्ये गार पाण्यात ठेवून निववावे, पास्ता ताटात पसरून त्याला चमचाभर तेल चोळावे आणि दोन्ही गार झाल्यावरच एकत्र करावे. शिजलेले अन्न २ तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, असे अमेरिकेचे कृषी खाते सांगते. बाळंतीण आणि लहान मूल ज्या घरी खाणार आहेत, तिथे तरी हे काटेकोरपणे पाळावे.

काचेचे भांडे या कामाला घेऊ नका. गोठलेली काच तापलेल्या ओव्हनमध्ये गेली तर तडकू शकते, आणि तडकली नाही तरी ते घासून परत करण्याचे काम त्या बिचारीच्या मागे लागते. ९ बाय १३ इंची एका पॅनमध्ये मावेल तेवढे साहित्य ८ बाय ८ इंची दोन फॉइल पॅनमध्ये बसते. एक शेजारी आणि एक तुम्हाला, असा तुमचा हिशेबही जुळतो. शिवाय लहान पॅन लवकर गोठतो, त्यामुळे बर्फाचे कण बारीक राहतात.

घडीची पोळी

सरसरीत यांनी चीजबद्दल लिहिलेले नाही, म्हणून थोडी भर घालते. शाकाहारी स्वयंपाकात पार्मेझान जपून घ्यावे. इटलीहून येणारे पार्मिजानो रेजानो वासराच्या पोटातल्या रेनेटनेच (दूध फाडून घट्ट करणाऱ्या द्रव्याने) विरजावे लागते, तसा त्या नावाचा नियमच आहे. अमेरिकेत तयार होणाऱ्या पार्मेझानपैकी काहींच्या वेष्टनावर मायक्रोबियल किंवा व्हेजिटेबल रेनेट असे लिहिलेले असते; ते पाहून घ्यावे. मोझरेला पाण्यात बुडवलेल्या गोळ्यांचे न घेता कोरड्या लादीचे घ्यावे आणि घरी किसावे.

रिकोटा रवाळ होऊ नये म्हणून इथे त्यात सहसा एक अंडे फेटून घालतात. अंडे नको असेल तर १५ औंसांचा डबा तासभर चाळणीत निथळत ठेवावा, नंतर त्यात दोन मोठे चमचे हेवी क्रीम आणि मूठभर किसलेले मोझरेला घालून चांगले घोटावे. थोडा रवाळपणा तरीही येतो, पण तो खाताना टोचत नाही. त्याऐवजी पांढरा सॉस करण्याचा मोह झाला तर निदान कॉर्नफ्लोअरचा तरी करू नये. तो गोठून वितळला की त्याला पाणी सुटते. मैद्याचा त्यामानाने बरा टिकतो.

वर पसरायचे चीज मी वेगळ्या झिपच्या पिशवीत भरून पॅनला चिकटवून देते. शेवटच्या पंधरा मिनिटांत ते घातले की ताजे लागते.

चार वाजताचा चहा

वेगळ्या पिशवीच्या सूचनेशी मी सहमत नाही. तान्हे बाळ खांद्यावर असताना पंधरा मिनिटे आधी ओव्हन उघडून चीज पेरत बसायला कोणाला सवड असते? जे लागेल ते सगळे पॅनमध्येच असावे आणि त्या घरातल्या माणसाला फक्त ओव्हन लावण्याचे काम उरावे.

हे मी अनुभवाने सांगते. एका मैत्रिणीला दिलेल्या पॅनवर मी आधी प्लास्टिकची पातळ फिल्म लावली होती, म्हणजे हवा लागणार नाही, आणि तिच्यावर फॉइल. फिल्म काढायची आहे हे तोंडी सांगितले होते. ती दहा दिवसांच्या बाळासह रात्रभर जागी होती. पॅन तिच्या नवऱ्याने फ्रीजरमधून काढला आणि फॉइल न उचलता तसाच ओव्हनमध्ये सरकवला. फिल्म आक्रसून चीजला अशी चिकटली की तीन किलोंचा तो सगळा ऐवज कचऱ्यात गेला आणि त्यांनी बाहेरून पिझ्झा मागवला. त्या दिवसापासून मी प्लास्टिक बंद केले. चीजवर पार्चमेंट कागद अंथरते आणि त्यावर फॉइलचे दोन थर घट्ट मुडपते. कागद चुकून राहिला तरी बिघडत नाही. तो एरवीही हवाच, कारण आंबट टोमॅटो महिनाभर फॉइलला टेकून राहिला तर तिला बारीक भोके पडतात.

झाकणावर लिहायचा मजकूर असा असावा : कोणता पदार्थ, कोणत्या तारखेला केला, त्यात गहू आणि दूध आहे. नंतर, आदल्या दिवशी खालच्या फ्रीजमध्ये काढून ठेवावा. ३७५ अंशांवर झाकण ठेवून ४५ मिनिटे आणि झाकण काढून १५ मिनिटे ठेवावा. आदल्या दिवशी काढायचे विसरले तर झाकणासह सव्वा तास आणि नंतर उघडा १५ मिनिटे. मधल्या भागाचे तापमान १६५ अंश व्हायला हवे. थर्मामीटर नसेल तर मध्ये सुरी खुपसून दहा सेकंद ठेवावी. पाते हाताला चांगलेच चटकले पाहिजे. पॅन बेकिंग ट्रेवर ठेवूनच आत सरकवावा, हेही लिहावे, कारण भरलेला फॉइल पॅन दोन्ही हातांनी उचलला तरी मध्येच वाकतो.

दोन ते तीन महिन्यांत तो संपवावा. फ्रीजर शून्य अंश फॅरनहाइटवर असेल तर त्यानंतरही खराब होणार नाही, पण चव उतरते.

ओसरी

मी पुण्यातून लिहीत आहे. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी मी हाच पदार्थ करते, मात्र ९ बाय १३ चा पॅन आमच्या ओटीजीत शिरतच नाही, म्हणून एकेका माणसापुरते फॉइलचे डबे भरते. असा डबा वीस-पंचवीस मिनिटांत तापतो. तो मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये, हे आजोबांना दर वेळी सांगावे लागते.

रिकोटा इथे महाग पडतो. त्याऐवजी दूध लिंबाने फाडून, फडक्यात अर्धा तास टांगून, वजन न ठेवता निथळू देते आणि ओलसर असतानाच क्रीम घालून घोटते. दाबलेले पनीर गोठवले की रबरासारखे लागते आणि दह्याचा चक्का ओव्हनमध्ये फाटतो. दोन्ही करून झाले आहे.

माजघर

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी दोन पॅन केले. नळ्यांमध्ये कणी राखली, झुकिनी वगळली, रिकोटा निथळून घोटला आणि सॉस ओतताना दोनदा हात मागे आला तरी सगळा ओतला. आमच्या वाट्याचा पॅन मुद्दाम चारच दिवसांनी काढून पाहिला. कडा ओल्या होत्या आणि तळाशी पाणी नव्हते. रिकोटा किंचित रवाळ लागला, पण तो फक्त मला कळला. चीज वेगळे दिले नाही. घडीची पोळी यांनी राग मानू नये.

एक गोष्ट मात्र कोणी सांगितली नव्हती. पॅन भरून, फॉइल मुडपून झाल्यावर मी झाकणावर लिहायला बसले आणि पेनाच्या टोकाने फॉइल फाटली. मग कागदी चिकटपट्टीवर लिहून ती दुसऱ्या दिवशी गोठलेल्या पॅनवर लावायला गेले, तर थंड फॉइलवर ती चिकटेना. शेवटी फॉइल बदलली आणि पट्टी आधी कोरड्या फॉइलवर, ओट्यावर पसरूनच, लावून घेतली.